वायफायचं नाव लपवून राउटर सुरक्षित होत नाही

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘हाइड एसएसआयडी’वर (एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव) टिक केली की वायफाय कुणाला दिसत नाही, म्हणजे कुणी घुसूही शकत नाही, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य नाही.

नाव लपवलं तरी राउटर आपल्या हजेरीचा सिग्नल सोडतच राहतो, साधारण सेकंदाला १० वेळा. त्यात फक्त नावाची जागा रिकामी असते. शिवाय तुमचा मोबाइल जोडला जाताना तेच नाव एन्क्रिप्शनविना हवेत जातं आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते टिपतं. उलट तोटाच: लपलेलं नेटवर्क शोधायला मोबाइल घराबाहेरही ते नाव पुकारत फिरू शकतो.

मॅक फिल्टरिंगचीही, म्हणजे यादीतल्याच उपकरणांना जोडू देण्याचीही, तीच गत. मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) उघडाच जातो, त्याची नक्कल सोपी. (पाहुणे आले की यादीत भर घालत बसायचं, तो ताप वेगळाच.)

खरं संरक्षण राउटरच्या सुरक्षा सेटिंगमधल्या डब्ल्यूपीए३ किंवा एईएससह (एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत) डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड यांचं. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय) पिन मात्र आधी बंद करा. ८ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे १० कोटींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालंय.