पट घटला म्हणजे शाळा बिघडली?

लहान गावातल्या सरकारी शाळेचा पट कमी झाला, की ‘शिकवणं बिघडलं, म्हणून मुलं गेली’ असं सर्रास म्हटलं जातं. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, पण तो चुकीचा असू शकतो.

समजा, पहिली ते पाचवीचा पट १४, १५, १६, १७, १९, म्हणजे एकूण ८१. पाचवीची १९ मुलं पुढच्या शाळेत गेली, पहिलीत ११ आली. नवा पट ७३. आठ मुलं घटली, पण मधूनच शाळा सोडलेलं एकही नाही! सहा वर्षांपूर्वी गावात जन्मच कमी झाले होते.

म्हणून एकूण आकडा पाहू नका. गेल्या वर्षीच्या दुसरीचा पट यंदाच्या तिसरीशी ताडा. तिथे खड्डा दिसला, तर दाखले कुठल्या कारणाने काढले ते तपासा. पालकांचं स्थलांतर वेगळं, दुसऱ्या शाळेत प्रवेश वेगळा.

निकालाचंही तसंच. बारा जणांच्या वर्गात एक मूल नापास झालं, की निकाल ८.३ टक्क्यांनी खाली येतो. एवढ्यावरून शिक्षकांना दोष देणं अन्यायाचं आहे. किमान सलग तीन वर्षांच्या निकालांतली मुलं एकत्र मोजा, आणि टक्केवारी पटावरच्या मुलांवर काढा, फक्त परीक्षेला बसलेल्यांवर नको. नाहीतर गैरहजर मुलं हिशेबातूनच गळतात.