पोर्तुगीज कस्टर्ड टार्टची ‘ओरिजिनल’ रेसिपी आली कुठून?

घरी पाश्तेल द नाता, म्हणजे पदर सुटलेल्या पारीत बलकांचं कस्टर्ड भरून भाजलेले हे पोर्तुगीज टार्ट, करायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागलीय आणि बघावं तर प्रत्येक रेसिपीवर ‘ऑथेंटिक’चा शिक्का असतोच. गंमत अशी की जिला खरंच ओरिजिनल म्हणावं ती रेसिपी लिस्बनमधल्या एका दुकानाने आजवर गुपित ठेवलीय, त्यामुळे बाकी सगळे चवीवरून अंदाज बांधतायत.

ते दुकान आहे बेलेम भागात, जेरोनिमोस मठाला लागूनच. हा मठ राजा मॅन्युएल पहिला याने १६व्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, आणि पैसा कुठला, तर बराचसा आपल्या इकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातला! वास्को द गामाची कबरही तिथेच आहे. तर तिकडच्या मठांमधे अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला आणि वाइन नितळ करायला वापरायचे, मग उरलेल्या बलकांचं करायचं काय म्हणून गोड पदार्थ निघाले अशी गोष्ट सगळे सांगतात. असेलही, पण मला विचाराल तर खरं कारण साखर. आधी मदेइरा बेटावरून आणि मग ब्राझीलमधून पोर्तुगालला साखर मिळायला लागली, ती नसती तर बलकांची नुसती भुर्जीच झाली असती.

पुढे १८२० ची उदारमतवादी क्रांती, मग यादवी, आणि १८३४ मधे सरकारने धार्मिक संघच बरखास्त करून मठ बंद केले. पोटापाण्यासाठी मठातल्या लोकांनी हे टार्ट शेजारच्या दुकानात विकायला ठेवले, ते दुकान एका साखर कारखान्याला लागून होतं. १८३७ मधे तिथेच बेकरी उभी राहिली, दोमिंगुश राफाएल आल्वेश यांची, आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहे. रेसिपी मोजक्या लोकांनाच माहीत, मिश्रण बंद खोलीत बनतं. ‘पाश्तेइश द बेलेम’ हे नाव फक्त त्यांचं, बाकी सगळ्यांचे ते नाता.

आणि योगायोग बघा, त्याच १८३७ मधे बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं चालत नाही म्हणून कॉर्नफ्लोअरची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. आपण फ्रूट कस्टर्डला वापरतो ती ह्याच जातीची. ती घालून टार्ट छान सेट होतात, खायलाही बरे लागतात, पण त्यांना नाता म्हणू नये एवढंच.

बाहेर जी पद्धत रुळलीय तिच्यात दालचिनी आणि लिंबाची साल घालून साखरेचा पाक करतात, तो मैदा घालून घट्ट केलेल्या दुधात ओततात आणि जरा निवलं की बलक. पारीचं तंत्र बघितलं की आपल्या साट्याच्या करंज्याच आठवतात: लोणी लावून घड्या घातलेली पोळी घट्ट गुंडाळायची, तुकडे कापायचे, तुकडा साच्यात कापलेली बाजू वर करून ठेवायचा आणि ओल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचा. लाटणं लावलं की पदर मिटले! वरचे काळे डाग मात्र घरी अवघड, कारण बेकरीची भट्टी आपल्या ओव्हनपेक्षा बरीच जास्त तापते, आपला बिचारा २५० डिग्रीला थांबतो. म्हणून ओव्हन भरपूर वेळ तापवून ट्रे वरच्या कप्प्यात ठेवतात.

गोव्यातली बेबिंकाही बलक आणि साखरेचीच, फक्त दुधाच्या जागी नारळाचं दूध आलं. तिचा उगमही जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात झाला असं सांगतात.

पूर्वेकडे मात्र हा टार्ट पोहोचवला तो एका इंग्रजाने. अँड्र्यू स्टो याने १९८९ मधे चीनच्या किनाऱ्यावरच्या, तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या मकावच्या कोलोआन गावात बेकरी काढली आणि साखर कमी करून सारण इंग्लिश कस्टर्डच्या वळणावर नेलं. तिथून ते हाँगकाँग, तैवानला गेलं आणि त्याच्या आधीच्या बायकोने, मार्गारेट वाँगने, १९९९ मधे रेसिपी चक्क केएफसीला विकली. त्यामुळे ‘पोर्तुगीज एग टार्ट’ नावाच्या रेसिपीत पाकाचा पत्ता नसेल आणि क्रीम मात्र भरपूर असेल, तर ती बहुतेक लिस्बनची नाही, मकावच्या घराण्यातली आहे.