विद्युत मोटार : वातानुकूलन आणि पल्ला

बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर विद्युत मोटार (बॅटरीवर चालणारी गाडी) जितके अंतर तोडू शकते त्याला तिचा पल्ला म्हणतात. बोलण्यात ‘रेंज’ हाच शब्द रूढ आहे. आतील हवा थंड किंवा उबदार ठेवण्यासाठी लागणारी वीजही त्याच बॅटरीतून जाते. त्यामुळे एसी किंवा हीटर चालू होताच पल्ला घटतो, आणि चालकासमोरच्या पडद्यावरील उरलेल्या किलोमीटरचा अंदाजही खाली येतो. पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांतही एसीमुळे इंधन जास्त लागते. तिथे हीटर मात्र जवळजवळ फुकट असतो, कारण इंजिन इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते व तीच आत वळवता येते. विद्युत गाडीची चाके फिरवणाऱ्या मोटरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने अशी वाया जाणारी उष्णता तिच्याकडे फारशी नसते.

घट किती होते, याला एक आकडा नाही. मोटर वीज खाते ती मुख्यतः अंतराच्या हिशेबाने, तर एसी खातो तो तासांच्या हिशेबाने. समजा, बॅटरीतील वापरता येण्याजोगी ऊर्जा ३० किलोवॅट-तास (वीजबिलातील ‘युनिट’) आहे, गाडीला १०० किमी.साठी १२ किलोवॅट-तास लागतात आणि एसी सरासरी १.५ किलोवॅट घेतो. एसी बंद असताना पल्ला २५० किमी. येतो. ताशी सरासरी ६० किमी. वेगाने एसी लावून गेल्यास तो सुमारे २०७ किमी. होतो, म्हणजे घट १७ टक्के. हीच गाडी शहरातील कोंडीत ताशी २० किमी.च्या सरासरीने चालली, तर पल्ला १५४ किमी.वर येतो आणि घट ३८ टक्क्यांवर जाते. (वेगानुसार मोटरचा स्वतःचा खप बदलतो, तो येथे सोयीसाठी स्थिर धरला आहे.) मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गाडी घेणाऱ्याने शेकडा घटीचा कोणताही आकडा ऐकल्यावर तो कोणत्या सरासरी वेगाचा आहे हे आधी विचारावे. हा वेग न सांगता दिलेली टक्केवारी दिशाभूल करते.

थंडी उन्हाळ्यापेक्षा महाग पडते. बाहेर ३५° से. असताना आत २४° ठेवायचे तर फरक ११ अंशांचा असतो. बाहेर −७° व आत २२° असल्यास तो २९ अंशांचा होतो. शिवाय थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो आणि तिलाही ऊब द्यावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्यांवर प्रयोगशाळेत केलेल्या चाचणीत सुमारे −७° से. तापमानाला हीटर लावून पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. हीटर बंद असता घट १२ टक्के होती. ३५° से. तापमानाला एसी लावल्यास घट १७ टक्के, न लावल्यास ४ टक्के आढळली. या निष्कर्षांना टेस्ला कंपनीने हरकत घेतली. ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात इतकी घट दिसत नाही, असे तिचे म्हणणे होते. नॉर्वेच्या मोटारचालक संघाने २०२० मध्ये हिवाळी रस्त्यांवर वीस गाड्या बॅटरी संपेपर्यंत चालवल्या, तेव्हा सरासरी घट १८.५ टक्क्यांच्या आसपास निघाली. दोन्ही चाचण्यांचे तापमान व पद्धत वेगळी असल्याने हे आकडे शेजारी ठेवून एक खरा व दुसरा खोटा ठरवणे योग्य नाही. गारठलेली गाडी पहिल्यांदा उबदार करण्याचा खर्च लांब प्रवासात अनेक किलोमीटरांवर विभागला जातो, छोट्या फेऱ्यांत मात्र तो दर वेळी नव्याने भरावा लागतो. प्रत्यक्ष वापरात घट कमीजास्त दिसण्याचे हेही एक कारण असू शकते.

उष्णता पंप : आरंभीच्या बहुतेक गाड्यांत पीटीसी प्रकारचा विद्युत तापक असे. तापमान वाढताच त्याच्या सिरॅमिक घटकाचा रोध वाढतो, त्यामुळे तो सुरक्षित असतो. परंतु १ किलोवॅट विजेतून १ किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता तो देऊ शकत नाही. उष्णता पंप म्हणजे उलट चालवलेला एसी. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो आणि सौम्य थंडीत विजेच्या दोन ते तीन पट उष्णता देतो. विद्युत मोटारीत तो प्रथम कोणी बसवला याबद्दल एकमत नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेल्या गाड्यांत हा मान साधारणतः निसान लीफला दिला जातो. डिसेंबर २०१० पासून विकल्या जाणाऱ्या या गाडीच्या २०१२ च्या अखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत उष्णता पंप होता. त्याच सुमारास आलेल्या रेनो झोईतही तो होता, त्यामुळे अग्रक्रम काही महिन्यांचाच ठरतो. परंतु जनरल मोटर्सने १९९६ पासून भाडेपट्ट्याने दिलेल्या ईव्ही-१ या गाडीत उष्णता पंप होताच, शिवाय चार्जरला जोडलेली असतानाच आतील हवा तयार करून ठेवण्याची सोयही होती. ईव्ही-१ च्या हजाराहून थोड्याच अधिक गाड्या बनल्या, म्हणून काही जण ती गणतीत धरत नाहीत. तंत्राच्या इतिहासात संख्या हा निकष दुय्यम असल्याने ईव्ही-१ चा दावा अधिक बळकट दिसतो. टेस्लाने हा पंप २०२० मध्ये मॉडेल वाय गाडीत प्रथम वापरला. २०११ च्या सुमारास आलेल्या व्होल्व्हो सी-३० इलेक्ट्रिकमध्ये तर पल्ला वाचवण्यासाठी जैव-इथेनॉल जाळणारा हीटर होता.

कडाक्याच्या थंडीत पंपाचा लाभ घटत जातो. आर-१३४ए व आर-१२३४वायएफ या प्रशीतकांची (पंपात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थांची) तेथे दमछाक होते. कार्बन डाय-ऑक्साइड (आर-७४४) थंडीत सरस ठरतो, पण तीव्र उन्हाळ्यात त्याची कार्यक्षमता उतरते. भारताच्या बहुतांश भागात हीटरची गरजच फारशी पडत नसल्याने उष्णता पंपाचा उपयोग मर्यादित आहे.

चाचणी व जाहीर आकडे : युरोपातील डब्ल्यूएलटीपी ही खप व पल्ला मोजण्याची प्रमाणित चाचणी २३° से. तापमानाला एसी बंद ठेवून होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत उत्पादक पाच चक्रांच्या (गाडी चालवण्याच्या पाच ठरावीक आराखड्यांच्या) चाचणीचा पर्याय घेऊ शकतो. तीत ३५° से. तापमानाला एसी लावून व सुमारे −७° से. तापमानाला गाडी चालवून पाहतात. एरवी प्रयोगशाळेतील आकड्याला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून गाडीवरील लेबलाचा आकडा काढतात. त्यामुळे अमेरिकी आकडा प्रत्यक्षाच्या अधिक जवळ राहतो. भारतात सुधारित भारतीय चालन चक्रानुसार (एमआयडीसी) मिळणाऱ्या आकड्यात एसीचा भार धरलेला नसतो. अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) अग्रणी असल्याने हा आकडा ‘एआरएआय रेंज’ म्हणूनच ओळखला जातो. टाटा मोटर्स त्याच्या जोडीला ‘सी-७५’ नावाचा, तीनचतुर्थांश ग्राहकांना मिळावा असा पल्ला सांगते. २०२४ मधील कर्व्ह ईव्हीच्या ५५ किलोवॅट-तास बॅटरीसाठी ५८५ किमी. या आकड्याबरोबर कंपनीने ४०० ते ४२५ किमी.चा अंदाज दिला होता. हा फरक एकट्या एसीचा नव्हे. वेग, चढ व चालवण्याची पद्धतही त्यात येते. तरीही वर्षातील आठ-नऊ महिने एसी लागणाऱ्या देशात एसीसह मोजलेला पल्ला ग्राहकाला मिळायलाच हवा.

पडद्यावरील अंदाज उरलेल्या ऊर्जेला अलीकडच्या सरासरी खपाने भागून काढतात. काही गाड्या एसीचा चालू भार लगेच वजा करतात, म्हणून बटण दाबताच आकडा उडी मारतो. निसान लीफ एसी बंद केल्यास किती अंतर वाढेल तेही दाखवते. उन्हात तापलेली गाडी निवताना एसीचा कॉम्प्रेसर (प्रशीतक दाबणारा पंप) ३ ते ५ किलोवॅट घेऊ शकतो व नंतर १ ते २ किलोवॅटवर स्थिरावतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतील अंदाज प्रत्यक्षापेक्षा निराशाजनक असतो.

कोकणपट्टीत व मुंबईत हवेतील बाष्प काढण्यासाठीच कॉम्प्रेसरला बरीच शक्ती लागते. पावसाळ्यात घाटात काच धुरकटली की बाहेर गारवा असूनही एसी लावावा लागतो. आतलीच हवा फिरवल्याने भार कमी होतो, पण काच पुन्हा धुरकटते. द्रवशीतित (द्रव फिरवून थंड ठेवल्या जाणाऱ्या) बॅटरीचे शीतनही बहुधा त्याच कॉम्प्रेसरवर चालते. त्यामुळे भर उन्हात जलद चार्जिंग करताना त्याची शक्ती बॅटरी व आतील हवा अशी दोन्हीकडे वाटली जाते.

चार्जरला जोडलेली असतानाच गाडी गार वा उबदार करून घेणे, सावलीत उभी करणे आणि थंड प्रदेशात ५० ते १०० वॅट घेणारी तापणारी आसने वापरणे हे घट कमी करण्याचे प्रचलित उपाय आहेत.

विद्युत बसमध्ये दारे वारंवार उघडत असल्याने आणि आतील जागा मोठी असल्याने हा भार आणखी जड पडतो. युरोपातील काही शहरांत विद्युत बस उबदार ठेवण्यासाठी डिझेलवरचे हीटर वापरले जातात.