बीओडी २१ : पास की नापास?

दरवर्षी वारीच्या सुमाराला आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर फेसाचे पांढरे डोंगर चढल्याचे फोटो मोबाइलवर येऊ लागतात. ते बघून संताप होतो, आणि व्हायलाच हवा. पण पंधरा दिवसांनी फेस ओसरला की "आता पाणी बरं दिसतंय" असंही आपणच म्हणतो. फेस होतो साबण आणि डिटर्जंटमधल्या रसायनांमुळे. बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात हवा घुसळली जाते आणि तो फुलतो. ही रसायनं कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतात, तशीच आपल्या मोरीतूनही येतात. नदीचा जीव घेणारं पाणी मात्र पुष्कळदा नितळ असतं. म्हणूनच कायद्याने पाण्याच्या दिसण्यावर भरवसा न ठेवता मोजमाप मागितलं आहे.

चाकण असो, भोसरी असो की कुरकुंभ, बहुतेक कारखान्यांना उभारणीच्या आधी एकदा आणि सुरू करायच्या आधी पुन्हा एकदा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. कारखान्यात सगळे तिला 'कन्सेंट' म्हणतात. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. चिमणी किती उंच, तिच्यातून काय बाहेर पडू शकतं, घातक कचरा किती आणि तो कुठे द्यायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. हवा आणि जमीन हे स्वतंत्र लेखांचे विषय आहेत, आज पाणीच घेते. देशभर लागू असलेल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा आणि सीओडी, म्हणजे पाण्यातला मळ रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू, २५० च्या आत. तेच पाणी शेताला द्यायचं असेल तर बीओडीची मर्यादा १०० आहे.

हा बीओडी म्हणजे काय? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे २७ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅम असतो. माशांचा सगळा संसार त्या साडेसातावर चालतो. आता पाण्यात एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखर टाका. जिवाणू ती खातील आणि खाताना आपल्यासारखाच श्वास घेतील. ती साखर पुरती जाळायला साडेपाच ग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे गच्चीवरच्या साडेसातशे लिटरच्या टाकीत विरघळलेला जवळजवळ सगळा! विष एक थेंब नाही, तरी टाकीतला मासा गुदमरून मरेल. सांडपाण्यातलं अन्न पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचं माप म्हणजे बीओडी.

मी बरीच वर्षं हे माप काढते आहे आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही. तीनशे मिलीची, काचेच्या बुचाची बाटली. सांडपाणी तसंच भरलं तर त्यातला प्राणवायू काही तासांतच संपून जाईल, म्हणून ते हवा खेळवलेल्या पाण्यात पातळ करायचं. बुडबुडा राहू न देता बूच लावायचं. एका बाटलीतला प्राणवायू लगेच मोजायचा, दुसरी २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. अंधार एवढ्यासाठी, की शेवाळाने उजेडात नवा प्राणवायू तयार करू नये.

प्राणवायू मोजायची रीत रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची, १८८८ मधली. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की बाटलीत तपकिरी ढग खाली बसतो. प्राणवायू नसेल तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घालायचं, ढग विरघळतो आणि पाणी सोनेरी पिवळं होतं. पिवळेपणा आयोडिनचा, आणि जेवढा प्राणवायू होता तेवढंच आयोडिन सुटलेलं असतं. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, थायोसल्फेट सोडत रंग फिका करायचा, स्टार्च घालून गडद निळा करायचा, आणि मग थेंब थेंब सोडत राहायचं. शेवटच्या एका थेंबाला निळा रंग एकदम नाहीसा होतो. सुरुवातीच्या आणि तीन दिवसांनंतरच्या मापांतला फरक, गुणिले जितक्या पटीने पातळ केलं ती पट, की झाला बीओडी.

एकदा एका युनिटचा नमुना आला. प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं, आणि कामगारांच्या कॅन्टीनचं सांडपाणी एकत्र. बाटलीत तीस मिली नमुना घातला, म्हणजे दहापट पातळ. तीन दिवसांत २.१ मिलिग्रॅम प्राणवायू खर्च झाला, म्हणजे बीओडी २१. मर्यादा ३०, म्हणजे पास. पण प्रयोगशाळेत एका बाटलीवर विश्वास ठेवत नाहीत, दोन-तीन प्रमाणं लावतात. पंधरा मिली घातलेल्या बाटलीत २.४ खर्च झाला. वीस पट, म्हणजे ४८. सहा मिली घातलेल्या बाटलीत २.६. पन्नास पट, म्हणजे १३०!

इथे जरा थांबून बघा. पहिल्या बाटलीत सगळ्यात जास्त सांडपाणी होतं, म्हणजे जिवाणूंना अन्नही जास्त होतं, तरी खर्च सगळ्यात कमी झाला. कारण अन्नाबरोबर प्लेटिंगच्या टाकीतलं तांबं आणि निकेलही तिथेच जास्त होतं. अन्न समोर होतं, खाणारेच मरत होते. पातळ करत गेलं तसं विष सौम्य झालं आणि जिवाणू जेवू लागले. पातळ करावं तसा बीओडी चढत जाणं ही विषारी पाण्याची ठरलेली खूण आहे. त्याच नमुन्याचा सीओडी ३४० आला. सीओडीमध्ये जिवाणू नसतात. उकळत्या आम्लात डायक्रोमेट हे रसायन जवळजवळ सगळं जाळतं, त्याला विषाचं काही वाटत नाही. बीओडी कमी आणि सीओडी जास्त असं दिसलं, तर एक तर त्या पाण्यात जिवाणूंना न पचणारं काहीतरी आहे, नाही तर त्यांना मारणारं.

पाच दिवसांच्या बीओडीची रीत ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात घालून दिली. आपल्याकडे पाणी उबदार, जिवाणूंची भूक जास्त, म्हणून आपण तीन दिवस मोजतो. त्या कमिशनने मर्यादा सुचवताना सांडपाण्यात निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असं धरलं होतं. खडकवासल्यातून विसर्ग नसतो त्या महिन्यांत मुठेत आठपट स्वच्छ पाणी आणायचं कुठून? "वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं" हे तेवढ्यापुरतंच खरं आहे, आणि नदी पवित्र असल्याने त्यात काही फरक पडत नाही. हल्ली गूळ आणि लिंबाच्या साली आंबवून केलेलं 'बायोएन्झाइम' नदीत ओतायची मोहीम निघते. माणसं मनापासून राबतात, म्हणून सांगायला वाईट वाटतं, पण गूळ म्हणजे जिवाणूंचं जेवणच. आंबवल्याने तो नाहीसा होत नाही. नदीचा बीओडी त्याने वाढतोच.

पाण्याचा नमुना घेण्याचीही कायद्याने घालून दिलेली पद्धत आहे. अधिकाऱ्याने मालकाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, मालकाने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सील करून दोघांनी सह्या करायच्या. हे चुकलं तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, मग आमची थेंबाथेंबाने केलेली मापं कितीही अचूक असोत.

बीओडी आणि सीओडी ज्या तक्त्यात आहेत त्यातच आणखी एक ओळ आहे, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी. सांडपाणी जराही पातळ न करता त्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी मोजायचे, ९० टक्के जिवंत हवेत. त्या प्लेटिंगच्या नमुन्याच्या अहवालात मी २१ लिहिला नाही. तिन्ही बाटल्यांचे आकडे लिहिले, पुढे विषारीपणाची शंका नोंदवली आणि खाली माशांची चाचणी मागितली.