विधिसंघर्षग्रस्त बालक

ज्याच्या हातून कायद्याने गुन्हा ठरवलेले कृत्य घडले आहे किंवा घडल्याचा आरोप आहे, आणि त्या कृत्याच्या दिवशी ज्याच्या वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली नव्हती, अशा मुलाला किंवा मुलीला भारतीय कायद्यात विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधील ही संज्ञा जिभेला जड आहे आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांबाहेर ती फारशी ऐकू येत नाही. तरीही ‘बालगुन्हेगार’ हा सुटसुटीत शब्द कायद्याने जाणूनबुजून टाळला आहे, कारण तो एकदा चिकटला की मुलगा मोठा झाल्यावरही निघत नाही. याच विचाराने या कायद्याची सगळी परिभाषाच वेगळी ठेवलेली आहे : मुलाला अटक होत नाही, त्याला ताब्यात घेतले जाते, त्याच्यावर खटला चालत नाही, चौकशी होते, चौकशीअंती शिक्षा नव्हे, आदेश दिला जातो, आणि त्याची रवानगी तुरुंगात न होता चौकशी चालू असताना निरीक्षणगृहात किंवा आदेशानंतर विशेष गृहात होते. बोलीत मात्र ‘रिमांड होम’ हा शब्द इतका रुळला आहे की द्वाड मुलाला धाक घालायला आईबाप आजही त्याचाच आधार घेतात.

सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी परिपक्वता मुलाला नसेल तर त्यालाही जबाबदार धरता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. याखेरीज अठरा वर्षांखालील बाकीची मुले बाल न्याय अधिनियमाच्या कक्षेत येतात.

या सर्व व्यवस्थेचा दरवाजा वयाच्या दाखल्याने उघडतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कलम ९४ मध्ये घालून दिला आहे. तपासणीत एक-दोन वर्षांची चूक गृहीतच धरावी लागते, म्हणून कागदाला अग्रक्रम; पण कागदाचीही आपली एक गोष्ट असते. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून टाकायची, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. एकाच वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळे. एरवी थट्टेचा विषय असलेली ही नोंद मुलांच्या प्रकरणांची चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे आली की एखाद्याची पुढची कित्येक वर्षे तिच्यावर ठरतात. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, प्रकरणाचा अंतिम निकाल लागून गेल्यावरही, करता येतो. पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एका कुटुंबातील सात जणांची हत्या झाली होती. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी घटनेच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये राजस्थानातील एका शाळेच्या नोंदवहीवरून काढला आणि त्याला सोडण्याचा आदेश दिला. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. आताच्या कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता आले असते.

मुलांसाठी वेगळी व्यवस्था असावी हा विचार भारतात इंग्रजी अमदानीत आला आणि मुंबई इलाख्याचा त्यात मोठा वाटा आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये औद्योगिक शिक्षण देणारी सुधारशाळा निघाली. तिचे वारस असलेली माहीमची शाळा आजही ससून यांच्या नावाने ओळखली जाते. १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनंतर १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून पूर्णपणे वेगळे काढण्याची शिफारस केली आणि मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक अधिनियम केले. मुंबईच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडीचे तिचे निरीक्षणगृह ज्या आवारात आहे, तो एकेकाळचा तुरुंग. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले ते इथेच. मुलांना तुरुंगात ठेवायचे नाही या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या संस्थेला घर मिळाले ते तुरुंगाचे. व्यवस्थेच्या वाटचालीत अशी विसंगती नंतरही अनेकदा भेटते.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, काही राज्यांत तर कायदाच नाही, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. पत्रकार शीला बर्से यांनी देशभरातील तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि न्यायालयाने १९८६ मध्ये संसदेनेच एकसमान कायदा करावा असे सुचवले. त्याच वर्षी झालेला बाल न्याय अधिनियम २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. त्यात मुलाची वयोमर्यादा १६ आणि मुलीची १८ होती. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारल्यावर २००० च्या कायद्याने दोघांसाठी १८ ही एकच मर्यादा आणली. वय मोजायचे ते मंडळापुढे हजर केल्याच्या नव्हे, कृत्याच्या दिवशीचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ मध्ये मिटवला.

पुढचा बदल संतापातून झाला. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार व हत्येच्या प्रकरणातील सहांपैकी एक आरोपी अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला. या घटनेनंतर कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. परंतु २० डिसेंबर २०१५ रोजी त्या आरोपीची मुदत संपून तो बाहेर आला आणि अवघ्या दोन दिवसांत, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्याने मर्यादा अठराच ठेवली, पण तिला एक खिडकी पाडली : ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असे निर्घृण कृत्य १६ ते १८ वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याचे प्रकरण प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तेथेही मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही, आणि वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता सुरक्षित स्थानी ठेवावे लागते.

हे प्राथमिक मूल्यांकन कायद्यातील सर्वांत ठिसूळ कलम आहे. कृत्य करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्यामागची परिस्थिती या बाबी तीन महिन्यांत तपासायच्या असतात. घटना होऊन गेलेली असते, मुलगा निरीक्षणगृहात भेदरलेला किंवा गुमसुम असतो, त्याने कृत्य केले की नाही हेही अद्याप ठरलेले नसते, आणि त्या दिवशी त्याच्या मनात काय होते याचा अंदाज नंतरच्या दोन-चार भेटींवरून बांधायचा असतो. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२२ मध्ये सांगावे लागले. कायद्यात शब्द होता तो ‘घेऊ शकेल’ असा.

मूल ताब्यात आल्यापासूनची वाट कायद्याने बारकाईने आखली आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असते. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत, पालकांना कळवायचे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यायचे. गुन्हा निर्घृण असेल किंवा प्रौढांच्या साथीने घडला असेल तरच एरवीसारखा प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नोंदवायचा. बाकी प्रकरणांत स्टेशन डायरीतील नोंद पुरते. मंडळात किमान तीन वर्षे अनुभवाचे न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक स्त्री असणे आवश्यक असते. बैठकीची जागा न्यायालयासारखी दिसू नये, सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये, मध्ये पिंजरा किंवा कठडा नसावा, असे नियमच सांगतात. टेबलाच्या एका बाजूला मंडळ आणि दुसऱ्या बाजूला मुलगा व त्याची आई अशी ती मांडणी अपेक्षित आहे.

या टेबलावरील खरा महत्त्वाचा कागद म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल. तो पंधरा दिवसांत यायला हवा. घरात कोण कोण आहे, कमावते कोण, घरातल्यांचे आपसात कसे आहे, शाळा सुटली असेल तर का सुटली, मुलाच्या हाती पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, संगत कोणाची, व्यसन आहे का, त्याच्यावर कधी अत्याचार झाला आहे का, असे प्रश्न त्याच्या नमुन्यात आहेत. वस्तीत जाऊन, दोनदा दार बंद मिळाले तरी तिसऱ्यांदा जाऊन लिहिलेला अहवाल आणि मुलाला समोर बसवून तासाभरात भरलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांकडून दंड, परिविक्षेवर घरी सोडणे किंवा कमाल तीन वर्षे विशेष गृह यांपैकी योग्य आदेश कोणता हे पहिल्या अहवालावरूनच कळू शकते. बाल न्यायाची सुधारणा म्हटले की चर्चा वयोमर्यादेभोवती फिरते. रोजच्या कामात मात्र परिविक्षा अधिकाऱ्यांची संख्या आणि त्यांचे फिरणे यांवर व्यवस्थेचा कस लागतो.

जामिनाचा नियमही प्रौढांहून उलटा आहे. कलम १२ नुसार जामीन द्यायचाच असतो. सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असे दिसले तरच तो नाकारता येतो. पुण्यातील कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे आलिशान मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा मोटार चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी मिळालेला जामीन आणि त्यातील ३०० शब्दांचा निबंध राज्यभर तिरस्काराचा विषय झाला. तो निबंध शिक्षा नव्हता, जामिनाची एक अट होती. हा फरक त्या गदारोळात कोणाच्या गावीही नव्हता. तरीही लोकांचा राग निराधार म्हणता येत नाही, कारण भुरट्या चोरीत सापडलेल्या वस्तीतील मुलाला हाच नियम इतक्या तातडीने क्वचितच लागू होतो. पालक रोजंदारी सोडून येऊ शकत नाहीत, हमी द्यायला कोणी नसते, आणि जामीन मंजूर होऊनही मूल आतच राहते. अशा मुलाला सात दिवसांत अटी पाळता आल्या नाहीत तर त्या बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणावे, अशी तरतूद त्याच कलमात आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. आदल्या वर्षी ती ३१,१७० होती. ताब्यात घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले १६ ते १८ वयाची असतात आणि बहुसंख्य आईवडिलांजवळ राहणारी असतात, हे चित्र वर्षानुवर्षे बदललेले नाही. अनाथ, रस्त्यावरची मुलेच गुन्ह्याकडे वळतात हा समज त्यामुळे टिकत नाही, आणि प्रतिबंधाचे काम अनाथालयांत नव्हे तर वस्तीत, शाळेत आणि घरात करावे लागते. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये स्वीकारलेल्या, मुलांमधील गुन्हेगारी रोखण्याविषयीच्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही तोच आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्येच बाल मार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले होते, आणि १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये त्याच संस्थेतून निघाली. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांचे फुटबॉल संघ बांधले. अशा कामाचे मोल आकड्यात मांडणे कठीण असते, कारण न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही.

प्रतिबंधाचा दुसरा भाग मोठ्यांशी संबंधित आहे. पुण्यात ‘कोयता गँग’ म्हणून गाजलेल्या टोळ्यांत अल्पवयीन मुले पुढे दिसतात आणि कायदा मुलांना सौम्य असल्याने टोळीवाले त्यांना वापरतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्यावर मुलांची वयोमर्यादा कमी करण्याची मागणी होते. पण मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची शिक्षा कलम ८३ मध्ये आधीच आहे. मुलाला ताब्यात घेताना त्याच्या हाती कोयता कोणी दिला याची चौकशी त्या कलमाखाली करता येते.

आदेशाची मुदत संपल्यावर मुलाचे काय, याचेही उत्तर कायद्यात आहे. अठरा वर्षे पूर्ण होऊन संस्थेबाहेर पडणाऱ्याला २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर स्थिरावण्यासाठीची, मदत देता येते. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा अपवाद सोडता, दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही व कालांतराने नोंदच नष्ट करायची असते. तरीही नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या अर्जावर ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय’ हा रकाना समोर येतो आणि तेथे काय लिहावे हे त्या तरुणाला कोणी सांगितलेले नसते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील निवड अशाच कारणावरून रद्द झालेल्या एका उमेदवाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला. अल्पवयात झालेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या प्रकरणावरून त्याची नियुक्ती नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.