पाय खरंच आखूड की नुसता आखूड दिसतो?

पँटची एक मोरी जमिनीला घासते, कमरेचा पट्टा तिरका दिसतो आणि घरचे ठरवून टाकतात की एक पाय आखूड आहे. पण या तक्रारीमागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

खऱ्या आखूडपणात मांडीचं किंवा नडगीचं हाडच लांबीला कमी असतं. लहानपणीचा पोलिओ, चुकीचं जुळलेलं फ्रॅक्चर, हाडाच्या वाढीच्या थराला झालेली इजा ही त्याची नेहमीची कारणं. भासणाऱ्या आखूडपणात हाडं सारखीच असतात. खुबा आतल्या बाजूला आखडलेला असतो किंवा कमरेचे स्नायू एका बाजूला आवळलेले असतात, त्यामुळे कंबर वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर पायही.

उभं राहिल्यावर हा फरक दिसतो. गुडघे सरळ आणि टाचा टेकलेल्या असताना खऱ्या प्रकारात आखूड पायाकडची कंबर खाली उतरते, कणा त्या बाजूला फुगतो आणि माणूस स्टुलावर बसला की हा बाक बहुधा जातो. खुबा आखडला असेल तर उलट, 'आखूड' पायाकडचीच कंबर वर असते.

मोजताना माणसाला पाठीवर झोपवा. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंतचं अंतर ही खरी लांबी, बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंतचं अंतर ही दिसणारी लांबी. पहिलं माप सारखं आणि दुसरं वेगळं आलं, तर दोष हाडात नाही. इथे एक चूक हमखास होते: एक पाय आत वळून अडकलेला असेल, तर दुसराही तितकाच आत घेऊन मोजावा लागतो, नाहीतर पहिलं मापही फसवतं. टेपमध्ये थोडाफार फरक पडतोच, म्हणून आखूड पायाखाली 5 मिमीच्या फळ्या एकेक ठेवत कंबर सपाट होईपर्यंत पाहणं जास्त भरवशाचं.

खऱ्या फरकात 2 सेंमीपर्यंत त्रास नसेल तर काहीच करू नये. कंबर दुखत असेल तर उंचवटा द्यावा, तोही एकदम नाही, थोडा थोडा वाढवत. बुटाच्या आत सुमारे 1 सेंमीच मावतो. त्याहून जास्त दिला तर टाच बाहेर निसटते. पुढची उंची बाहेरच्या सोलला द्यावी आणि टाचेपासून चवड्यापर्यंत द्यावी. फक्त टाच उचलली तर पोटरी आखडते. आपण घरात अनवाणी वावरतो, त्यामुळे घरासाठीही तशीच चप्पल हवी.

वाढत्या मुलांत 2 ते 5 सेंमी फरकासाठी लांब पायाची गुडघ्याजवळची वाढ शस्त्रक्रियेने थांबवता येते, पण वाढीचं वय सरल्यावर हा मार्ग बंद होतो. 5 सेंमीच्या पुढे हाड लांबवण्याचा विचार होतो. रशियातल्या कुर्गानमध्ये हाडांचे सर्जन इलिझारोव यांनी विकसित केलेल्या पद्धतीत पायाभोवती कडी बसवून ती तारांनी हाडाला जोडतात आणि कापलेलं हाड दिवसाला 1 मिमी, तेही पाव-पाव मिमी करून चार वेळा ताणतात. 5 सेंमीला 50 दिवस लागतात, पण नवं हाड कडक होईपर्यंत कडी कित्येक महिने पायावरच राहतात. तारांभोवतीचा जंतुसंसर्ग आणि गुडघा आखडणं हे मोठे धोके, म्हणून रोजचा व्यायाम टाळून चालत नाही.

भासणाऱ्या प्रकारात उंचवटा देऊ नये. वर ओढलेली कंबर तिथेच टिकून राहते. आखडलेला सांधा आणि स्नायू सैल करणं, हाच उपचार. खुबा बदलल्यावर पाय लांब वाटतो तेव्हाही सुरुवातीचे काही महिने बुटात काही घालू नये. बहुतेकदा स्नायू सैल होतात आणि ते वाटणं कमी होत जातं.