ओट्याची आखणी

राहत्या घरातले जुने स्वयंपाकघर नव्याने करताना ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, कपाटे आणि वावरायची जागा यांची मांडणी तोडफोडीआधी ठरवून घेणे म्हणजे ओट्याची आखणी. पुण्यात या कामाला सरसकट ‘ट्रॉल्या करून घेणे’ म्हणतात आणि बरीच कामे तिथेच बिघडतात. ट्रॉल्या सगळ्यात शेवटी येतात. सांडपाणी कुठून जाणार, गॅस कुठून येणार आणि ओट्याशी उभे कोण राहणार, हे आधी ठरवावे लागते.

वाड्यांत चूल जमिनीवर असे, स्वयंपाक बसून होई आणि भांडी मोरीत घासली जात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या पुरात नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे पडले. पुढच्या दशकांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि उभ्याने स्वयंपाक करणे घरोघरी रुळले. उभ्या स्वयंपाकघराचे शास्त्र मात्र युरोप-अमेरिकेत त्याआधीच तयार झाले होते. वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफर्ट किचन’ जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते; कामाच्या हालचाली अभ्यासून त्यातली प्रत्येक वस्तू हाताशी ठेवलेली होती. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘कामाचा त्रिकोण’ ही कल्पना पुढे आली. सिंक, शेगडी आणि फ्रिज हे त्याचे तीन कोन. प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट असावी आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांपलीकडे जाऊ नये, असा तो ठोकताळा.

पुण्याच्या फ्लॅटला हा त्रिकोण पुरत नाही, कारण इथे चौथा कोन आहे : ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्याभांड्याची छोटी बाल्कनी. सकाळी आठला तव्यावर पोळी असते, डब्यांची घाई असते आणि त्याच वेळी भांडी घासायला आलेल्या मावशी सिंकमधला ढीग उचलून पाठीमागून ड्राय बाल्कनीत जातात. ही वाट शेगडीपुढून जात असेल, तर बाकी मांडणी कितीही देखणी असली तरी रोज कोणीतरी कोणावर तरी आदळणार. म्हणून सिंक ड्राय बाल्कनीच्या दाराकडे आणि शेगडी दुसऱ्या टोकाला ठेवणे सोयीचे. समोरासमोर दोन ओटे करायचे असतील तर मधे निदान साडेतीन फूट मोकळे राहिले पाहिजेत. तेवढी रुंदी नसेल तर ‘एल’ आकाराचा ओटा बरा.

सिंक मनाला येईल तिथे हलवता येत नाही. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. तो जितका लांब नेला तितकी फरशी उचलावी लागते, नाहीतर पाणी तुंबते. बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेचे पिण्याचे पाणी आणि वापराचे पाणी यांच्या लाइनी वेगळ्या असतात. सिंक हलवताना दोन्ही न्याव्या लागतात, हे प्लंबरला पहिल्याच दिवशी सांगावे. जुन्या इमारतींत काही भिंतींवर वरच्या मजल्यांचा भार असतो. स्वयंपाकघर हॉलला जोडण्यासाठी भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू नये आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

गॅसची नळी घरच्या प्लंबरने हलवायची नसते. पुण्यात पाइप गॅस पुरवणाऱ्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. पाइपमधला नैसर्गिक गॅस हलका असतो, तो वर जातो; तिथे वरची खिडकी किंवा झरोका उपयोगी पडतो. सिलिंडरवरून पाइपवर आलेल्या घरांत हा फरक ध्यानात न घेता वरचे झरोके कपाटांनी बुजवले जातात, हे धोक्याचे आहे.

ओट्याची उंची हा सर्वांत दुर्लक्षित आणि रोज दुखणारा भाग. बाजारात ३४ इंच ठरलेले असते. खरे माप स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून घ्यावे : हात कोपरात दुमडून सरळ उभे राहावे आणि कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओट्याचा वरचा काठ यावा. आपल्याकडे आणखी एक बाब आहे, ती म्हणजे पोळ्या. लाटताना खांद्यातून खाली जोर द्यावा लागतो आणि पोळपाटाची उंची वर वाढते. शेगडीही ओट्यावर चार-पाच इंच चढते, तिच्यावर पातेले ठेवले की आमटी ढवळताना खांदा उचलला जातो. त्यामुळे शेगडी आणि पोळपाट यांच्यापुरता ओटा तीन-चार इंच खाली घेणे हा खर्च सार्थकी लागतो. घरात दोघे स्वयंपाक करत असतील तर जास्त वेळ उभे राहणाऱ्याचे माप धरावे.

जुन्या ओट्याखाली उभे कडप्पे असतात आणि त्यांच्या खणांत ट्रॉल्या बसवता येतात. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तो शाबूत असेल तर केवळ फॅशन म्हणून तोडू नये. ओट्याच्या वर मात्र ग्रॅनाइट बरा. कडप्पा चुनखडीचा दगड असल्याने लिंबाचे, चिंचेचे डाग धरतो. नवी कपाटे प्लायची करायची तर सिंकखाली तरी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय वापरावा. तिथेच ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन डब्यांची जागा धरावी, नाहीतर ते पायात येतात.

मिक्सर, ओव्हन, इंडक्शन, गीझर यांचे पॉइंट टाइल्स बसण्याआधी भिंतीवर खडूने दाखवावेत. त्याच खडूने जमिनीवर ओटा, फ्रिज आणि उघडलेल्या ट्रॉल्या पूर्ण मापाने आखाव्यात व दोन दिवस त्या रेघांमध्येच स्वयंपाक करावा. फ्रिजचे दार आणि कोपऱ्यातली ट्रॉली एकमेकांना अडतात, हे कागदावर दिसत नाही, खडूच्या रेघेत लगेच कळते.

ट्रॉल्यांची मापे सुताराला देण्याआधी घरातली मोठी भांडी बाहेर काढावीत. गौरीच्या जेवणाचे पातेले, मोदकपात्र, दिवाळीच्या फराळाचे डबे कानांसकट मोजावेत आणि कुकर झाकण लावून, शिटीसकट.